उंबरझरीच्या सतरा पानांचे रहस्य

१

सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी लोणावळ्याच्या एका जुन्या वाचनालयात समीक्षाने संगणकावर ‘बाया, सावळा, उंबरझरी शाळा’ एवढे शब्द लिहून शोध घेतला. उत्तरादाखल तिला भुशी धरणाजवळच्या एका तंबूनिवासाची जाहिरात, धबधब्याची तीन छायाचित्रे आणि करवंदाच्या लोणच्याची कृती मिळाली. हवे होते ते पान मिळाले नाही. तिने शब्दांचा क्रम बदलून पाहिला, एकेक शब्द गाळून पाहिला, पान नाही. शेवटी तिने पानाचा पूर्ण पत्ताच टाकला, तेव्हा ते पान आपल्या जागी स्वस्थ बसलेले आढळले. त्यातले एक अक्षरही हललेले नव्हते.

समोरच्या बाकावर बाया बसली होती. उंबरझरी या ठाकरवाडीतून ती दर मंगळवारी रानभाजी घेऊन लोणावळ्यास येई आणि पाटी रिकामी झाली की वाचनालयाची पायरी चढे. गेले पाच मंगळवार तिचा प्रश्न एकच होता: “त्या पोरीचं काय आलं का?”

तो प्रश्न समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. या वाचनालयाने ‘मावळ-स्मरण’ नावाचे एक संकेतस्थळ काढले आहे. तालुक्यातल्या माणसांच्या आठवणी त्यावर आहेत, एका माणसाला एक पान, अशी दोनशे बारा पाने. काही आठवणी समीक्षाने गावोगाव हिंडून ध्वनिमुद्रित केल्या, काही उंबरझरीच्या शाळेने एकोणनव्वद साली काढलेल्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेतून घेतल्या, तर काही लोकांनी आपण होऊन लिहून पाठवल्या. बायाच्या पानावर तिने चौथीत लिहिलेला ‘माझा भाऊ’ हा निबंध आहे. तो भाऊ, सावळा, निबंधानंतरच्या वर्षी बाराव्या वर्षी घर सोडून गेला. त्याला आता पस्तीस वर्षे होत आली.

आणि यंदा नऊ ऑगस्टला संकेतस्थळावर एक निरोप आला:

‘हे पान आत्ता वाचलं. माझ्या बाबांचं नाव सावळा आहे. बाया नावाची बहीण होती एवढंच ते सांगतात, गावाचं नाव काढलं की उठून जातात. हा फोन माझा नाही. घरी जाऊन बाबांना पान दाखवते आणि मग लिहिते. आरती.’

दूरध्वनी क्रमांक नाही, पत्ता नाही. त्यानंतर आरतीने काही लिहिले नव्हते.

“तिनं दाखवायचं म्हणून शोधलं आसंल,” बाया म्हणाली, “आन् तिला ह्ये लोणचं गावलं आसंल.”

दुपारपर्यंत समीक्षाने दोनशे बारा नावे एकेक करून शोधून पाहिली. एकशे पंचाण्णव पाने शोधात व्यवस्थित येत होती. सतरा येत नव्हती, आणि त्या सतरांपैकी पंधरा पाने एकट्या उंबरझरीची होती.

२

हे कोडे ज्यांच्यापुढे ठेवले गेले त्या यशोधराबाई शिदोरे वाचनालयाच्या मानद संपादक होत्या. मराठीच्या शिक्षिका म्हणून त्यांची पहिली नेमणूक उंबरझरीस झाली, ती स्मरणिकाही त्यांनीच संपादली, आणि पुढे लोणावळ्याच्या एका शाळेतून त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या हाताखालून गेलेल्या तीन पिढ्यांना त्यांचा एक शब्द अजून आठवतो: ‘कशावरून?’ वर्गात कोणी ‘पाऊस आला’ म्हणाले तरी बाई हा शब्द उच्चारीत, आणि मुलाला खिडकीशी जाऊन हात बाहेर काढावा लागे.

वाचनालयातले पहिले अनुमान रागाचे होते. पंधरा पाने वाडीची, म्हणजे वाडीवर कोणाचा तरी डोळा आहे. बाईंनी ते अनुमान ऐकून घेतले आणि विचारले, की वाडीची एकूण पाने किती? तेवीस. मग उरलेली आठ का शिल्लक राहिली? आणि नाहीशी झालेली बाकीची दोन कोणाची? एक पान उंबरझरी शाळेच्या दिवंगत मुख्याध्यापकांचे होते, दुसरे हौशीरामभाऊंचे. हौशीराम हे शिरगावचे शेतकरी कुटुंबातले गृहस्थ. तळेगाव दाभाड्याच्या एका छापखान्यात त्यांनी पस्तीस वर्षे खिळे जुळवले, आणि आता वाचनालयाचा मजकूर संगणकावर चढवण्याचे काम ते विनामूल्य करीत. वाडीवरच्या रागात या दोघांना कुठे बसवायचे? बाईंच्या मते, ज्या तर्कात सतरांपैकी दोन बसत नाहीत तो तर्क पंधरांसाठीही खोटाच असतो.

त्यांनी प्रथम समीक्षालाच समोर बसवले. संकेतस्थळाचे तंत्र तिचे होते, आणि जुलैअखेर तिनेच त्यात मोठा बदल केला होता. तो बदल काय, हे बाईंना समजेल अशा भाषेत सांगण्याची वेळ तिच्यावर प्रथमच आली.

ती म्हणाली, की मजकूर एका भांडारात साठवलेला असतो आणि वाचकाला दिसणारा दर्शनी भाग वेगळा बांधलेला असतो. दर्शनी भाग मागेल तेवढेच भांडार देते. जुलैपर्यंत तो भाग फक्त वाचकासाठी मागत होता, शोधयंत्रासाठी काहीच मागत नव्हता. त्यामुळे दोनशे बारा पानांची ओळख शोधयंत्राला एकाच नावाने होत होती, ‘मावळ-स्मरण’.

बाईंनी भिंतीशी ठेवलेल्या लाकडी पेटीकडे पाहिले. वाचनालयाची जुनी सूचिपत्रे अजून तिच्यात होती, कडा मऊ पडलेली, टाकाने लिहिलेली. पुस्तक कपाटात असे आणि त्याचे कार्ड पेटीत. कार्ड नसलेले पुस्तक कपाटात असूनही हरवलेले असे. त्यांनी एवढेच विचारले, की जुलैत तू दोनशे बारा कार्डे लिहिलीस, असेच ना?

“लिहिली नाहीत, बाई. कार्डं लिहायला जागा केली.” समीक्षाने सांगितले, की भांडारात प्रत्येक पानाला तिने नवे रकाने जोडले: शोधात दिसणारे शीर्षक, दोन ओळींचे वर्णन, सोबतचे चित्र, आणि आणखी दोन-तीन. ते रकाने भरले की दर्शनी भाग ती माहिती पानाच्या माथ्यावर ठेवतो. ती वाचकाला दिसत नाही, शोधयंत्राला दिसते. शीर्षके आणि वर्णने तिने स्वतः भरली, बाकीचे रकाने हौशीरामभाऊंकडे सोपवले. “आणि रकान्यांची नावं मराठीत हवीत म्हणून तुम्ही आठवडाभर माझ्याशी भांडलात, ते आठवतंय ना?”

बाईंना ते आठवत होते. पण दोष समीक्षाच्या बदलाचा असेल काय? त्यांनी तारखा मांडल्या. बदल जुलैअखेर झाला, आरतीचा निरोप नऊ ऑगस्टचा. म्हणजे बदलानंतरच बायाचे पान कोणालातरी सापडले. त्याआधी दोन वर्षे ते कोणालाच सापडले नव्हते. ज्या कामामुळे दार उघडले त्यानेच ते लावले, असे कसे म्हणावे? दार नंतर लागले होते, आणि लावणारा हात निराळा होता.

जाता जाता समीक्षाने एक गोष्ट सांगितली, जी तिने तोवर सांगितली नव्हती. भांडाराची किल्ली, म्हणजे परवलीचा शब्द, तिघांकडे होती. ती स्वतः, हौशीरामभाऊ, आणि विक्की.

३

विक्की म्हणजे तोच, ज्याच्या तंबूनिवासाची जाहिरात बायाच्या पानाच्या जागी आली होती. भुशीच्या रस्त्यावर त्याचे कार्यालय होते, म्हणजे एक पत्र्याची टपरी, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि ‘उंबरझरी व्हॅली कॅम्पिंग’ असा फलक. त्याने संकेतस्थळाला धबधब्याची छायाचित्रे दिली होती आणि ती स्वतः चढवता यावीत म्हणून किल्लीही मागून घेतली होती.

यशोधराबाई आत आल्या तेव्हा तो फोनवर कोणाला तरी शनिवारचे दर सांगत होता. त्याने फोन ठेवला आणि खुर्ची पुसून दिली. तोही त्यांचाच विद्यार्थी होता. नववीत त्याला त्यांनी दोनदा ‘कशावरून?’ म्हणून उभे केले होते, ही आठवण त्याने आपण होऊन काढली.

बाईंनी आडवळण न घेता विचारले, की उंबरझरी शब्द शोधला तर तुझे नाव वर येते, हे खरे ना?

“मॅडम, यायलाच पाहिजे. त्यासाठी पोरगा ठेवलाय मी.” मग बाईंच्या चेहऱ्याकडे पाहून तो थांबला. “तुम्हाला वाटतंय मी पानं उडवली? एक सांगतो, राग मानू नका. उडवायची असती तर मी त्या भाजीवाल्या मावशीचा चौथीतला निबंध कशाला उडवू? तो वाचून माझ्याकडे येणारा माणूस थांबतो का? मला अडवतं ते दुसरंच पान आहे. बघा इथे.”

त्याने फोन पुढे केला. ‘उंबरझरी’ एवढा एकच शब्द शोधला तर पहिले येई ते मावळ-स्मरणचेच पान: वाडीतल्या एका आजोबांनी सांगितलेली झऱ्याची आठवण, समीक्षाने गेल्या उन्हाळ्यात ध्वनिमुद्रित केलेली. विक्की दुसरा होता.

“ऑगस्टपासून हे पान माझ्या डोक्यावर बसलंय. माझ्याकडे किल्ली आहे, आणि तरी ते तिथंच आहे. आता बोला.”

तो उद्धटपणे बोलत होता हे खरे. पण त्याने पुरावा पुढे ठेवला होता, आणि पुराव्याला उद्धटपणाचा दोष लागत नाही. हेतू असलेल्या माणसाने नेमके आपल्या हेतूचेच पान सोडले, तर तो हेतू निरुपयोगी ठरतो. त्यांनी त्याचे आभार मानले. विक्कीला हे इतके अनपेक्षित होते, की तो त्यांना रिक्षापर्यंत पोहोचवायला आला आणि हलक्या आवाजात म्हणाला:

“मॅडम, माझं नाव घेऊ नका. पण स्मरणिकेची पानं अशी सुटी करून नेटवर टाकू नका, पुस्तकाची चिंधी होते, असं हौशीरामकाका सगळ्यांसमोर बोलले होते. मीटिंगला मी होतो.”

४

हौशीरामभाऊ शिरगावला राहत. साईबाबांच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेवरून आत वळले की भातखाचरे लागत, आणि खाचरांच्या कडेला त्यांचे घर. इंद्रायणी भात फुलोऱ्यात होता, आणि त्या वासाने रस्ता भरून गेला होता. ओसरीवर संगणक एका जुन्या लाकडी मांडणीवर ठेवलेला होता. ती मांडणी छापखान्यातल्या खिळ्यांची होती; खणांत आता खिळ्यांऐवजी पेन, औषधे आणि बियाणांच्या पुड्या होत्या. छापखाना मोडला तेव्हा त्यांनी एवढीच वस्तू मागून घेतली होती.

“या बाई. तुमी येनार म्हनून वाटतच व्हतं.”

त्यांनी आधी पाणी दिले, मग चहा, आणि मग न विचारता छापखान्याच्या गोष्टी सुरू केल्या. बाईंनी त्यांना थांबवले नाही. तपासणीत घाई करणाऱ्याला घाईची उत्तरे मिळतात हे कारण होतेच. पण खरे कारण असे, की त्यांनाही ते ऐकायचे होते. स्मरणिकेच्या वेळी त्या सव्वीस वर्षांच्या होत्या आणि दर शनिवारी उंबरझरीहून तळेगावास मुद्रिते तपासायला येत. शाईचा वास, ओल्या कागदावर उमटलेली उलटसुलट अक्षरे, यंत्राचा धडधडाट, आणि भिंतीशी उभे राहून डाव्या हातातल्या पट्टीत खिळा खिळ्याला लावणारे हौशीराम. हे सारे इतके जवळ वाटले, की मधली पस्तीस वर्षे कोणीतरी वगळून छापली आहेत असा त्यांना भास झाला.

शेवटी त्यांनी विचारले, की पाने सुटी करण्याला तुमचा विरोध होता, हे खरे का?

“व्हय, व्हता. अजून हाय. पुस्तक म्हंजी पुस्तक. पन कमिटीनं ठरवलं, मग मी माझ्या हातानं सगळी सतरा पानं चढवली. एक काना चुकला आसंल तर दाखवा.”

‘सतरा’ हा आकडा त्यांनी सहज उच्चारला. यशोधराबाईंनी चहाचा पेला खाली ठेवला. स्मरणिकेतून एकूण किती लेख घेतले, असे त्यांनी पुन्हा विचारले. सतरा, भाऊ म्हणाले. पंधरा पोरांचे निबंध, एक हेडमास्तरांचे भाषण, आणि एक त्यांचे स्वतःचे, खिळे जुळवणाऱ्याचे दोन शब्द, जे बाईंनीच त्यांच्याकडून आग्रहाने लिहून घेतले होते.

वाडी नव्हे, तर स्मरणिका. सतरा पानांना जोडणारा धागा हा होता, आणि तो स्वतः संपादकाच्या हातातून निसटला होता, कारण बाईंच्या लेखी ती माणसे होती, लेख नव्हते.

परंतु याने हौशीरामभाऊंवरचा संशय हलका न होता गडद झाला. लेख त्यांनी चढवले, विरोध त्यांचा, किल्ली त्यांची. तरीही एक गोष्ट आडवी येत होती: नाहीशा पानांत त्यांचे स्वतःचे पान होते. आयुष्यात एकदाच छापून आलेले आपले दोन शब्द कोण पुसील?

“भाऊ, समीक्षाने दिलेले नवे रकाने तुम्ही भरलेत?”

“समदे. पंद्रा ऑगस्ट झाल्यावर बसलो, आठ दिसांत उरकलं. एक रकाना रिकामा न्हाई ठेवला. रिकामी जागा दिसली की आमचा हात थांबत न्हाई, बाई.” मग ते उठले, आतून एक पिवळे पुडके घेऊन आले आणि त्यांनी ते हसत पुढे ठेवले. एकोणनव्वद सालची मुद्रिते. हेडमास्तरांच्या भाषणाच्या समासात तांबड्या शाईने लिहिले होते: ‘हे भाषण पूर्वी साप्ताहिकात आले आहे. पूर्वप्रसिद्धीचा उल्लेख का नाही? पान पुन्हा जुळवावे.’

अक्षर यशोधराबाईंचे होते.

“एका वळीसाठी अख्खं पान मोडायला लावलंत तुमी,” भाऊ म्हणाले, “दोन तास गेले. लय शिव्या दिल्या मनातनं. पन त्या दिसापासनं मी कुनाचं श्रेय कंदी बुडवलं न्हाई.”

बाईंनी तो समास दोनदा वाचला. मग त्यांनी समीक्षाला फोन लावला आणि मंगळवारी सर्वांना बोलावून घ्यायला सांगितले.

५

मंगळवारी वाचनालयात चौघे जमले. विक्की आपले निर्दोषत्व जाहीर होताना पाहण्यासाठी न बोलावताही आला होता, आणि म्हणून पाच झाले. बाया पाटी घेऊन दाराशी बसू लागली तेव्हा बाईंनी तिला आत खुर्चीवर बसवले.

त्यांनी समीक्षाला बायाच्या पानाच्या माथ्यावरची अदृश्य माहिती एकेक ओळ मोठ्याने वाचायला सांगितली. शीर्षक ठीक होते, वर्णन ठीक होते, चित्र ठीक होते. पाचव्या ओळीवर समीक्षा अडखळली. तिथे एक पत्ता होता, आणि तो बायाच्या पानाचा नव्हता. तो स्मरणिकेच्या पानाचा होता, जिथे त्या जुन्या पुस्तकाची छायाचित्रे ओळीने ठेवलेली आहेत.

“या रकान्याचे मराठी नाव तू काय ठेवलेस?”

समीक्षाने ते सांगितले: ‘हा मजकूर आधी अन्यत्र प्रसिद्ध झाला असल्यास त्या पानाचा पत्ता.’ बाईंनी शब्दशः भाषांतर नाकारले असते म्हणून तिने मूळ इंग्रजी नावाचा अर्थ फोडून लिहिला होता. आणि मग तिने डोक्याला हात लावला. हा रकाना श्रेय देण्यासाठी नसतोच. एकच पान दोन ठिकाणी असेल तर खरे कोणते मानायचे, हे त्यातून शोधयंत्राला कळवायचे असते. शोधयंत्र तो सल्ला ऐकेलच असे नाही, पण इथे त्याने ऐकला. स्मरणिकेचे पान अस्सल ठरले, सतरा पाने नकला ठरली, आणि नकला यादीतून निघाल्या. अस्सल पानावर मात्र होती नुसती छायाचित्रे. शब्दाने शोधणाऱ्याला सापडावा असा शब्दच तिथे नव्हता.

मग हौशीरामभाऊ म्हणाले, की पत्ता त्यांनीच भरला, सतरा वेळा, आणि प्रत्येक वेळी तपासून.

“प्रश्न इचारला व्हता, मी उत्तर दिलं. खोटं दिलं का? ह्यो निबंध आधी स्मरनिकेत आला का न्हाई? आला.”

“आला,” यशोधराबाई म्हणाल्या.

“मग?”

“मग काही नाही. तुमचे उत्तर बरोबर आहे, भाऊ. आणि ते पुसावे लागेल.”

इथे वाद पेटला. पूर्वप्रसिद्धी पुसणे म्हणजे चोरी, हे भाऊंचे म्हणणे होते. पुस्तकाचे नाव काढून टाकायचे असेल तर आपण चढवलेली सतरा पानेही काढून टाका, असे त्यांनी सांगितले, आणि ते नुसते बोलत नव्हते. टोपी घालून ते उठलेही. विक्कीने मध्ये तोंड घालून सल्ला दिला, तो दोघांनीही ऐकला नाही. बाईंना पहिल्यांदाच आपल्याच वाक्याविरुद्ध बोलायचे होते, आणि ते वाक्य तांबड्या शाईत, त्यांच्याच अक्षरात, भाऊंनी सोबत आणलेल्या मुद्रितावर समोर पडले होते. त्यांनी ते मुद्रित उलटे घालून ठेवले. मग म्हणाल्या, की श्रेय माणसाला द्यायचे असते, यंत्राला नव्हे. तेव्हा ते माणसाला दिसेल अशा जागी, प्रत्येक पानाच्या तळाशी, छापू या. साल, पुस्तकाचे नाव, आणि खाली ‘अक्षरजुळणी: हौशीराम’.

“माझं नाव कशाला?”

“पूर्वी राहिले होते म्हणून.”

भाऊ खाली बसले. सतरा रकाने त्यांनी स्वतःच्या हाताने रिकामे केले, एका वेळी एक. नंतर समीक्षाने रकान्याचे नाव बदलले आणि शोधयंत्राला पाने पुन्हा पाहून जाण्याची विनंती धाडली. यंत्र कधी येईल ते आपल्या हाती नाही, तिने सांगितले. पंधरा दिवस, कदाचित महिना.

“तंवर ती पोर शोधीत ऱ्हाईल का?” बायाने विचारले.

समीक्षा एवढेच म्हणाली, की शोधात पानाच्या नावाखाली दोन ओळी दिसतात. त्या बदलता येतील. ओझरती नजर टाकणाऱ्यालाही कळावे असे त्यात लिहू या.

यशोधराबाईंनी कागद ओढला आणि लिहिले: ‘मावळातील उंबरझरी येथील विद्यार्थिनीने आपल्या ज्येष्ठ बंधूविषयी लिहिलेला हृद्य बालनिबंध.’ बायाने ते सावकाश, बोट ठेवून वाचले.

“चांगलं हाय, बाई. पन ह्ये कुनाला सांगितलंय?”

“वाचकाला.”

“वाचक मला काय करायचाय. सावळ्याला सांगा.”

बाईंनी लेखणी तिच्या हाती दिली. बायाने मोठ्या अक्षरांत लिहिले आणि भाऊंनी ते जसेच्या तसे रकान्यात चढवले. जागा दीडशे अक्षरांचीच होती. तिने निम्मीही वापरली नाही:

‘सावळा, मी बाया. आई गेली. मी हितंच हाय. कुनी रागावलं न्हाई.’

खाली वाचनालयाचा दूरध्वनी क्रमांक जोडला. त्या ओळीत प्रमाणभाषेच्या दृष्टीने चार गोष्टी दुरुस्त करण्याजोग्या होत्या. बाईंनी त्या मोजल्या, आणि लेखणी परत घेऊन पिशवीत ठेवली.

६

सप्टेंबर गेला. विनंती धाडल्यापासून तिसऱ्या आठवड्यात सोळा पाने शोधात परत आली, हौशीरामभाऊंचे दोन शब्द सर्वांत आधी. बायाचे आले नाही. बाया येत राहिली. पुढच्या मंगळवारी ते पान दहाव्या जागी दिसले, त्याच्या पुढच्या मंगळवारी दुसऱ्या. विक्कीने येऊन सांगितले, की त्याच्या जाहिरातीतून त्याने ‘शाळा’ हा शब्द काढून टाकला आहे, फार काही नाही, धंद्याला तसाही त्याचा उपयोग नव्हता.

दिवाळीआधीच्या मंगळवारी बारा वाजता वाचनालयाचा फोन वाजला. समीक्षाने उचलला, ऐकले, आणि तो बायाच्या हाती देऊन, बाई व हौशीरामभाऊंनाही ऐकू यावा म्हणून, आवाज मोठा केला.

आरती दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेतून बोलत होती. वडील तिथे पंधरा वर्षे कामाला होते. ऑगस्टअखेर ती घरी गेली, तर पान सापडेना. तीन दिवस शोधले. वडील म्हणाले, तुला भास झाला असेल, सोड. तिने सोडले. काल मैत्रिणीच्या फोनवर सहज पुन्हा नाव टाकले, तर वर त्या दोन ओळी. तिने वडिलांना त्या वाचून दाखवल्या. ते उठून गेले नाहीत.

मग फोनवर दुसरा श्वास ऐकू आला.

“बाया,” पलीकडून पुरुषाचा आवाज आला, “मला वाट ठाऊक न्हाई आता.”

बायाने फोन दोन्ही हातांनी धरला आणि वाट सांगायला सुरुवात केली. कामशेतला उतर, ती म्हणाली. भाताच्या गिरणीवरनं डावीकडं ये. चिंचंखाली पानपोई लागंल, तितं पानी पी. मग वढ्यावरचा साकव, फळी हलती, दोरीला धरून ये. पल्याड दोन आंबे दिसत्याल, जोडीचे, त्यांच्यामधनं वर चढ.

हौशीरामभाऊंनी यशोधराबाईंकडे पाहिले. गिरणी जाऊन वीस वर्षे झाली होती, तिथे आता चार मजली इमारत होती. चिंच रस्तारुंदीत गेली, पाणपोई तिच्याबरोबर. साकवाच्या जागी सिमेंटचा पूल होता. आंब्यांपैकी एकही उरला नव्हता. वाटेतली एकही खूण खरी नव्हती, आणि बाईंना त्या प्रत्येकीचे जाण्याचे साल पाठ होते.

पलीकडून सावळा प्रत्येक खुणेला “व्हय” म्हणत होता. साकव म्हटल्यावर तो हसला. आंबे म्हटल्यावर त्याने विचारले, की उजव्या आंब्याची ढोली तशीच हाय का.

“तशीच हाय,” बाया म्हणाली. “ये तू.”

यशोधराबाईंनी दुरुस्ती केली नाही.